गोव्यात दान द्यायचं तर हिशेब कुठून सुरू करायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बाबा 70 वर्षांचे, फोंड्याला राहतात, निवृत्त शिक्षक, वर्षाचं उत्पन्न 9 लाखांच्या आसपास. त्यांना 20 लाख रुपये शाळेतल्या मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी द्यायचे आहेत आणि आपल्यामागे म्हापशाचं घर वाचनालयाला. तुम्ही एका अमेरिकी संस्थेच्या कॅल्क्युलेटरमध्ये वय आणि रक्कम टाकलीत, तर देणाऱ्याला जन्मभर दरसाल 6.3 टक्के मिळतील असं उत्तर आलं. हे आपल्याकडे जमेल का, आणि कुठला कॅल्क्युलेटर वापरावा, असं तुम्ही विचारता.

आधी त्या 6.3 बद्दल. तिकडे ‘गिफ्ट ॲन्युइटी’ नावाचा करार असतो. पैसे संस्थेला कायमचे द्यायचे आणि संस्थेने देणाऱ्याला तो असेपर्यंत ठरावीक रक्कम पाठवत राहायची. वयानुसार किती टक्के द्यावे ते 1927 पासूनची एक अमेरिकी परिषद सुचवते, आणि देणारा गेल्यावर मूळ रकमेपैकी साधारण निम्मी तरी संस्थेकडे उरावी या बेताने ते दर बसवलेले असतात. म्हणजे 6.3 टक्के हे निव्वळ व्याज नाही, त्यात आपलीच मुद्दल थोडी थोडी परत येते. त्याखाली दिसणारी करसवलत तिकडच्या आयुर्मानाच्या तक्त्यांवर आणि तिकडच्या सरकारी व्याजदरावर काढलेली असते. आपल्या आयकर कायद्यात असा करार नाही, त्यामुळे तो आकडा बाबांच्या कामाचा नाही.

आणि त्याची गरजही नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मी हे लिहिते आहे तेव्हा 8.2 टक्के व्याज आहे. 20 लाखांवर दर तिमाहीला 41,000 रुपये येतात आणि मुद्दल बाबांच्याच नावावर राहते. जगेपर्यंत व्याज स्वतः घ्यायचं (ते करपात्र असतं) आणि मुद्दल मृत्युपत्राने शाळेला, असं केलं तर हातात तीच सोय येते.

करसवलतीची फार आशा धरू नका. देणगीवरची वजावट (जिला 80जी म्हणतात) फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. बहुतेक संस्थांच्या बाबतीत उत्पन्नाच्या 10 टक्क्यांपर्यंतचीच देणगी मोजली जाते आणि तिची निम्मी वजा होते. 9 लाखांवर ती वजावट 45,000 रुपयांची, 20 टक्के दर आणि उपकर धरून बचत 9,360 रुपये. बाबांनी एकाच वर्षी 20 लाख दिले तरी एवढीच, कारण उरलेली रक्कम पुढच्या वर्षी ओढता येत नाही. उलट नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर करच लागत नाही. तेव्हा बाबांनी द्यावं ते द्यायचं म्हणून.

आता गोव्याचा खरा हिशेब, जो कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नाही. आपल्याकडे 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून लागू आहे, आणि वारशाबाबत 2012 चा गोवा वारसाहक्क कायदा डिसेंबर 2016 पासून. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे निम्मी आईची. बाबांच्या निम्म्यातली निम्मी मुलांसाठी राखीव. ती मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. राहिलेला पाव हिस्सा तेवढा बाबांनी आपल्या मर्जीने द्यायचा.

हे मी आमच्या मोठ्या काकांच्या घरात शिकले. काका डिचोलीला राहायचे. काकी त्यांच्या आधी आठ वर्षं गेल्या. एकुलती मुलगी मस्कतला. काकांनी राहतं घर एका सेवाभावी संस्थेला लिहून दिलं आणि आपण सगळं नीट केलं या समाधानात गेले. नंतर कागद उघडले. काकी गेल्या तेव्हाच त्यांचं निम्मं घर मुलीचं झालं होतं, पण इन्व्हेंटरी, म्हणजे गेलेल्याच्या मालमत्तेची कोर्टातून होणारी मोजदाद आणि वाटणी, कोणी केलीच नव्हती. काकांच्या निम्म्यातलंही निम्मं तिचंच. संस्थेच्या वाट्याला आला घराचा पाव हिस्सा, आणि पाव घराचं कोणी काय करणार? स्वयंपाकघरात दवाखाना काढणार का? मुलीचा विरोध मुळीच नव्हता, उलट वडिलांचा शब्द मोडतोय म्हणून ती फोनवर रडायची. दोन वर्षं खेटे घातल्यावर तिने त्या हिश्श्याची किंमत पदरच्या पैशाने भरली. कुणीतरी काकांना वेळीच पाटीवर ही दोन भागाकारांची गणितं मांडून दाखवायला हवी होती.

तुमच्या घराचं मांडून पाहू. समजा घर 80 लाखांचं आणि ठेवी 40 लाखांच्या, एकूण 1.2 कोटी. आई-बाबांचे 60-60, आणि प्रत्येकाला मर्जीने देता येतील असे 30-30. शिष्यवृत्तीचे 20 लाख दोघांच्या संमतीने सामाईकातून दिले तर दोघांचे 10-10 खर्ची पडले. हयातीत दिलेलं दान नंतर हिशेबात परत मिळवलं जातं, त्यामुळे आधीच देऊन टाकलं तर राखीव हिस्सा चुकवता येईल असं समजू नका. उरले 20-20, म्हणजे दोघांनी मृत्युपत्र केलं तरी 80 लाखांच्या घरातलं निम्मंच वाचनालयाला जाऊ शकतं. तुम्ही भावंडं मनापासून तयार असाल तर आपल्या वाट्याला आलेलं तुम्ही स्वतः पुढे द्या. ते मग तुमचं दान होईल. आणखी एक: पुण्या-मुंबईत फ्लॅट असेल तर तोही यात धरा. गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही हाच कायदा लागतो असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं आहे.

शिष्यवृत्तीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे बहुतेक घरं चुकतात. आमच्या आजोबांच्या नावाने शाळेत 1986 साली 5,000 रुपयांची कायम ठेव ठेवली होती, संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला बक्षीस म्हणून. तेव्हाच्या 10 टक्क्यांनी 500 रुपये यायचे, त्यात मुलाची वर्षभराची पुस्तकं येऊन वर काही उरायचं. आता 6.5 टक्क्यांनी 325 येतात. गेल्या वर्षी ते पाकीट मीच एका मुलीच्या हातात दिलं आणि मला मान वर करवेना. व्याज सगळं वाटून टाकलं की मुद्दल जागच्या जागी झिजते. महागाई 6 टक्के धरली तर आजचे 50,000 वीस वर्षांनी 15,600 च्या मोलाचे उरतात. म्हणून 20 लाखांवर 7 टक्के मिळत असतील आणि महागाई 5 टक्के धरली, तर पहिल्या वर्षी फक्त 2 टक्के, म्हणजे 40,000 वाटा आणि बाकीचे एक लाख मुद्दलात घाला. पुढच्या वर्षी आपोआप 42,000 देता येतील. ही रक्कम थोडी वाटत असेल तर दुसरा रस्ता उघड आहे: वीस वर्षांत मुद्दलासकट संपवायचं ठरवा आणि मोठ्या शिष्यवृत्त्या द्या. दोन्ही बरोबर आहेत, पण कुठला ते बाबांनी ठरवून शाळेला लेखी कळवायला हवं. रक्कम कायम निधीसाठी असेल तर तसे स्पष्ट शब्द पत्रात असू द्या.

किरकोळ गोष्टी: पैसे चेकने किंवा बँकेतून द्या, 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. सोनं किंवा वस्तू दिल्या तर त्यालाही नाही. तुम्हा भावंडांपैकी कुणी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल आणि स्वतःचे पैसे यात घालणार असेल, तर ती विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. भारतीय पासपोर्टवर आखातात नोकरी करणाऱ्याला ही अडचण नाही.

वकिलाकडे जाण्याआधी निबंधक कार्यालयातून आई-बाबांच्या लग्नाच्या नोंदीचा उतारा काढून घ्या. मालमत्ता सामाईक की वेगळी ते त्यावरून कळेल, आणि वर मांडलेली सगळी वजाबाकी त्या एका ओळीवर अवलंबून आहे. मृत्युपत्र घरच्या कागदावर लिहून कपाटात ठेवू नका, गोव्यात ते विशेष नोटरीसमोरच, म्हणजे उपनिबंधकाकडे, व्हावं लागतं. आणि त्या दिवशी आईला बरोबर न्या, तिचंही तिथेच करून घ्या.