ईमच्या लोकांनी आपलंच गाव बंद का केलं?

प्रश्न: मुलीकडे शेफिल्डला जाणार आहोत. जवळच ईम नावाचं प्लेगचं गाव आहे म्हणतात. डोंगरातल्या एवढ्याशा गावात प्लेग पोचला कसा, आणि लोक पळून का नाही गेले?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: नक्की जा! ईम डर्बीशायरमध्ये आहे, पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात. 1665 मध्ये शिंप्याकडे लंडनहून कापड आलं, त्यातल्या पिसवांमधून प्लेग आला असं मानतात, आणि त्याच शिंप्याकडचा जॉर्ज विकर्स सप्टेंबरमध्ये पहिला गेला. थंडीत साथ जरा मंदावली पण पुढच्या उन्हाळ्यात परत भडकली, मग जून 1666 मध्ये ठरलं की कोणी हद्द ओलांडायची नाही, म्हणजे शेजारची गावं तरी वाचतील.

हे ठरलं कसं, तर दोन पाद्र्यांमुळे. विल्यम मॉम्पेसन नवा, त्याला लोक फारसं जुमानत नव्हते, मानायचे ते जुन्या थॉमस स्टॅन्लीला, ज्याचं पद धर्माच्या वादात गेलं होतं. पण दोघं एकत्र लोकांसमोर उभे राहिले आणि गावाने ऐकलं, मला तर यातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं. मॉम्पेसनने स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती हेही सांगायला हवं, बायको कॅथरीन मात्र थांबली आणि ऑगस्टमध्ये प्लेगने वारली.

आणि गावाची जागाही कामाला आली. उत्तरेला उंच कडा, त्याच्या पायथ्याचे झरे 1588 पासूनच दगडी कुंड्यांमध्ये आणलेले, म्हणजे पाण्यासाठी बाहेर जायला नको. चर्च बंद ठेवून प्रार्थना कक्लेट डेल्फ नावाच्या दरीत उघड्यावर व्हायची, लोक एकमेकांपासून लांब उभे राहून. धान्य बाहेरचे लोक हद्दीवर ठेवून जायचे, जवळच्या चॅट्सवर्थ वाड्याचा मालक असलेल्या अर्ल ऑफ डेव्हनशायर या उमरावानेही मदत पाठवली, आणि गावकरी पैसे ठेवायचे ते हद्दीवरच्या दगडातल्या खळग्यांमध्ये व्हिनेगर ओतून त्यात, म्हणजे नाण्यांवरून रोग पसरू नये. तो दगड अजून आहे, बोटं घालून बघा.

नोव्हेंबरपर्यंत 260 च्या आसपास माणसं गेली. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली, ती थडगी, रायली ग्रेव्ह्ज, गावाबाहेर थोडं चालून गेलं की आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्लेग संडे असतो, तेव्हा गावकरी या सगळ्यांची आठवण काढतात, जमलं तर तीच तारीख धरा.