ग्रेनेडियरचा पांढरा रंग आणि शिशावरची पांढरी भुकटी

तुमचे दोन प्रश्न आहेत. नेपोलियनच्या ओल्ड गार्डमधल्या (त्याच्या खास, अनुभवी सैन्यदलातल्या) ग्रेनेडियर या पायदळ शिपायाच्या ७५ मिमी धातूच्या आकृतीवर पांढरा रंग चार हात देऊनही चुना फासल्यासारखा का दिसतो, हा पहिला. आणि मुंबईतल्या लाकडी शोकेसमधल्या जुन्या शिशाच्या शिपायांवर पांढरी भुकटी कुठून येते, हा दुसरा.

रंगाला हात लावण्याआधी शिपाई नक्की कोणत्या रेजिमेंटचा आहे ते ताडून घ्या, कारण खोक्यावरचं चित्र नेहमी बरोबर असतंच असं नाही. अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोपीवर समोर पितळी पट्टी, खांद्यावर लाल इपॉलेट (झालरीचे खांदेपट्टे), छातीवरचे लॅपल (कोटाचे उलटवलेले पदर) खाली चौकोनी कापलेले, लाल कफवर पांढरी पट्टी : हा ग्रेनेडियर. टोपीला पट्टी नाही, इपॉलेट हिरवे-लाल, लॅपल खाली टोकदार : हा शास्यूर, गार्डमधलाच हलक्या पायदळाचा शिपाई. पांढरा कोट आणि किरमिजी लॅपल असतील तर ती गार्डमधली डच रेजिमेंट. ग्रेनेडियरची कॉलर निळीच असते, तिला लाल किंवा पांढरी किनार काढू नका. ही चूक फार वेळा दिसते.

आता पांढरा. खडूसारखा दिसण्याची कारणं बहुतेक तीन असतात : रंग जाड, अर्धवट सुकलेल्या थरावर पुन्हा फिरवलेला ब्रश, आणि सुरुवातच शुद्ध पांढऱ्याने. मुळातली चूक तिसरी. सगळीकडे शुद्ध पांढरा लावला की त्याहून उजळ काही उरत नाही, मग घड्या आणि उंचवटे दाखवणार कशाने? पहिल्या दोन चुकांना आपल्याकडचा पंखा मोठा हातभार लावतो. अ‍ॅक्रिलिक ब्रशच्या टोकावरच सुकतं आणि त्याचे कण पृष्ठभागावर बसतात. तेवढा वेळ पंखा बंद ठेवा आणि वेट पॅलेट वापरा : झाकणाचा उथळ डबा, तळाशी ओला स्पंज, वर बेकिंगचा पार्चमेंट पेपर. मेणकागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही.

या शिपायावर पांढरा एक नाही, तीन आहेत. लॅपलचं कापड, ब्रीचेसचं (गुडघ्यापर्यंतच्या तंग विजारीचं) कापड, आणि छातीवरून तिरपे जाणारे कातडी पट्टे, जे पांढऱ्या मातीने घासून पांढरे ठेवत. तिघांना एकाच बाटलीतून रंगवलं की छाती म्हणजे एक सपाट पांढरा ठिपका होते. वालेहो कंपनीच्या मॉडेल कलर या रंगमालिकेत लॅपलसाठी सिल्व्हर ग्रे हा थंड पाया घ्या, ब्रीचेससाठी डेक टॅन, आणि पट्ट्यांसाठी आयव्हरीत चिमूटभर तपकिरी. रंग दुधाइतका पातळ करा आणि ब्रश कागदी नॅपकिनवर टेकवून जास्तीचा रंग काढून टाका. प्रत्येक थर पूर्ण सुकल्यावरच पुढचा. दर थराला पांढरा थोडा वाढवत न्या आणि जागा कमी करत न्या. शुद्ध पांढरा फक्त शेवटी : पट्ट्याची वरची कड, गुडघ्याचा उंचवटा, लॅपलचं टोक. एकूण पांढऱ्या भागाचा दहावा हिस्सासुद्धा शुद्ध पांढरा नसावा.

खरी जादू पांढऱ्यात नसून त्याच्या शेजारी आहे. पट्टा जिथे निळ्या कोटावर पडतो तिथे त्याच्या खालच्या कडेला गडद निळ्या-तपकिरी रंगाची केसासारखी रेघ ओढा. तेवढ्याने पट्टा कोटावरून उचलल्यासारखा दिसतो. रेघ जाड झाली तर पुसू नका, पट्ट्याच्या बाजूने आयव्हरीने कापून बारीक करा. बटणांचंही तसंच : आधी गडद तपकिरी ठिपका, सुकल्यावर त्यात त्याहून लहान पितळी ठिपका, भोवती गडद कडं उरलं पाहिजे.

निळ्यासाठी डार्क प्रशियन ब्लू पाया म्हणून चांगला. उजळ करायला त्यात पांढरा घालू नका, कोट शाळेच्या गणवेशासारखा फिका होतो. थोडा बेज किंवा त्वचेचा रंग मिसळा. लाल उजळताना नारिंगी, गडद करताना तपकिरी. पांढऱ्याने लाल गुलाबी होतो.

चेहऱ्यात डोळे आधी, मग त्वचा, म्हणजे डोळ्यांची चूक पापण्यांच्या रंगाने झाकता येते. बुबुळाचा वरचा भाग वरच्या पापणीखाली गेलेला हवा. पूर्ण गोल दिसलं की शिपाई दचकलेला वाटतो. हे गार्डमधले मुरलेले शिपाई, म्हणून हनुवटीवर निळसर राखाडी ग्लेझ (अगदी पातळ, पारदर्शक थर), भरघोस मिशा, कानात सोनेरी बाळ्या. पाठीमागची वेणी पावडर लावलेली असते, ती विसरू नका.

प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) आणि मॅट वार्निश पावसाळ्यात स्प्रेने मारू नका. दमट हवेत त्यावर धुरकट पांढरा थर येतो आणि महिन्याची मेहनत जाते. ब्रशने लावायचा प्रायमर वापरा, नाहीतर कोरड्या दिवसाची वाट पाहा.

आता भुकटी. ती धूळ नाही. लाकूड, विशेषतः ओक, तसंच प्लायवूड, एमडीएफ, पांढरा डिंक आणि सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन, यांतून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ निघते. बंद काचेत ती साचते, दमट हवेत शिशाशी संयोग पावते, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे शिशाचं कार्बोनेट तयार होतं. आम्ल पुन्हा मोकळं होऊन पुढच्या थराला लागतं, म्हणून एकदा सुरू झालेलं आपोआप थांबत नाही. रंगाखालीसुद्धा ते फोड काढतं.

ही भुकटी विषारी आहे. फुंकर मारू नका, झटकू नका. हातमोजे आणि मास्क घालून ओल्या कापसाने टिपा, कापूस पिशवीत बंद करा, मुलांना लांब ठेवा. लागण झालेले शिपाई लगेच वेगळे करा आणि बाकीचेही त्या शोकेसमधून बाहेर काढा, कारण रोगाचं मूळ कपाटात आहे. लाकडाला वार्निश दिल्याने वाफ कमी होते, बंद होत नाही.

तुमचा ग्रेनेडियर नवा असेल तर त्यात बहुधा कथील जास्त आणि शिसं कमी किंवा अजिबात नसेल, पण उत्पादकाकडून खात्री करून घ्या. ठेवायला काच आणि पावडर कोटेड स्टीलचं कपाट उत्तम, दाराला बारीक फट राहू द्या. चौथरा अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्याचा घ्या, ४० मिमी बाजू पुरते. पायात १ मिमीची पितळी तार बसवून इपॉक्सीने पक्की करा. नुसत्या सुपरग्लूवर उभा केलेला धातूचा शिपाई एका धक्क्यात पडतो. शिपायाला चौथऱ्याच्या कडेशी समांतर न ठेवता थोडा वळवा आणि कपाटात छाती डोळ्यांच्या पातळीला येईल असा ठेवा. एलईडीचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारा डबा) कपाटाबाहेर असावा, त्याची उष्णता आत नको.