दीड वर्षाच्या बाळाच्या नाकातून स्वॅब घेताना काडी मेंदूपर्यंत जाते का? नुसता शेंबूड दिला तर चालणार नाही का?

मेंदूकडे नाही हो, घशाकडे जाते. नाकातली वाट वर चढत असेल असं वाटतं, पण ती आडवी, कानाच्या दिशेने असते. मी फोंड्याला लॅब टेक्निशियन आहे. काडी घालण्याआधी नाकपुडी ते कान हे अंतर नजरेने मोजून घेते आणि वाटेत अडलं की थांबते. जोर लावायचा नसतो. काडी बारीक, वाकणारी असते आणि टोकाला नायलॉनचे मऊ धागे असतात.

शेंबडाचं विचारलंत ते बरोबरच आहे. पण विषाणू नाकाच्या आतल्या अस्तराच्या पेशींत वाढतात, म्हणून काडी आत काही सेकंद हळू फिरवून त्या पेशी उचलाव्या लागतात. नाक फारच वाहत असेल तर काही ठिकाणी बारीक नळीने स्राव ओढूनही घेतात.

खरं काम काडीचं नाही, धरण्याचं आहे. बाळाला मांडीवर पाठमोरं घ्या, त्याची पाठ तुमच्या छातीला. एका हाताने त्याचे दोन्ही हात कवेत, दुसरा तळवा कपाळावर, पाय तुमच्या पायांत. हे करायला घट्ट मनाचं माणूस हवं. माझ्या भाचीच्या वेळी आजीने धरलं होतं. पोर किंचाळली तशी "पुरो गे बाये, पुरो!" म्हणत आजीने हात सोडले आणि सगळं परत करावं लागलं. आजीला बाहेर बसवा. आणि लगेच आधी दूध पाजू नका, उलटी होते.

रक्त लवकर थांबत नसेल किंवा नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर आधीच सांगा.

आता थोडं आगाऊपणाचं. डॉक्टरांना विचारा, की रिपोर्टने उपचारात काय बदलेल? फ्लू असेल तर ओसेल्टामिविर हे फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू केलेलं जास्त उपयोगी पडतं, म्हणजे घाई समजते. आरएसव्ही या लहान मुलांना श्वासाचा त्रास देणाऱ्या विषाणूवर मात्र नेहमीच्या उपचारात तसं औषध नाही. नाक मोकळं ठेवणं, पाणी-दूध आणि गरज पडली तर ऑक्सिजन. बाळ दाखल असेल तर शेजारच्या खाटांवरच्या बाळांना वाचवायलाही निदान लागतं. पण पीसीआर, म्हणजे विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी चाचणी, फार तिखट असते, अगदी थोडे अंशही पकडते, त्यामुळे बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. तेव्हा नुसत्या रिपोर्टवरून घाबरू नका, बाळाचा श्वास बघा. छाती आत ओढली जात असेल किंवा दूध सोडलं असेल तर रिपोर्टची वाट न बघता सरळ दवाखाना गाठा.

स्वॅबनंतर डोळ्यांत पाणी, दोन शिंका, क्वचित रक्ताचा एखादा थेंब, एवढं होतं. मग छातीशी घ्या.