वाचकांचे प्रश्न : जुन्या विमानाला नवे इंजिन

प्रश्न : माझ्या रेडिओ-नियंत्रित विमानात ६.५ सीसीचे टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (तापलेल्या तारेच्या प्लगने इंधन पेटवणारे) आहे. त्याऐवजी ८.५ सीसीचे फोर-स्ट्रोक बसवायचे झाल्यास कोणते बदल करावे लागतील?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताकदीचा विचार करता आपली निवड योग्य आहे, खरी अडचण वजनाची आणि लांबीची आहे. फोर-स्ट्रोक इंजिन सहसा जड व उंच असते, शिवाय त्याचा कार्ब्युरेटर बहुधा मागच्या बाजूला असल्याने इंजिन ज्यावर बसते त्या प्लायवूडच्या पुढच्या भिंतीपाशी त्याला पुरेशी जागा ठेवावी लागते. माउंटची (इंजिन धरणाऱ्या बैठकीची) जुनी भोके लाकडी खुंट्या व इपॉक्सीने बुजवून मगच नवी पाडावीत. त्या वेळी इंजिनाला मुळात दिलेला उजवीकडचा व खालचा किंचित कल बदलू देऊ नये. इंधनटाकीची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या सुईच्या (इंधनाचे प्रमाण ठरवणाऱ्या स्क्रूच्या) पातळीत किंवा जराशी खाली असावी.

यानंतर गुरुत्वमध्य आराखड्यात दाखवलेल्या जागीच येतो की नाही, हे टाकी रिकामी ठेवून तपासावे. नाक जड झाल्यास शेपटीत शिसे भरण्याची घाई अनेक जण करतात, ती मला पटत नाही. आधी बॅटरी व सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटारी) मागे सरकवून पाहावेत. मोठा पंखा लावल्यास तो जमिनीला घासणार नाही ना, हेही पाहावे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा थोडी विरळ आहे. म्हणून किनारपट्टीवर जुळवलेली सुई येथे किंचित आवळून इंधन कमी करावे लागते.