स्वादुपिंड की अग्न्याशय?

शाहूपुरीतल्या एका वाचकाचा प्रश्न: वडिलांच्या स्वादुपिंडाला सूज आल्याचं डॉक्टर म्हणाले, पण मोबाईलवर हिंदीत शोधलं तर सगळीकडं 'अग्न्याशय'. दोन्ही एकच का? चवीशी काही संबंध? आणि तो स्वादुपिंड की ते?

अवयव एकच, पॅन्क्रियाज. चवीशी त्याचा संबंध नाही. तांबड्या रश्श्याची चव जिभेला कळते. त्यातलं मटण आणि वरचा कट पचवायला मात्र हा लागतो.

मला विचाराल तर मराठी शब्दाचं शेपूट जास्त चोख आहे. 'आशय' म्हणजे साठवणीची जागा. मूत्रपिंड मूत्र तयार करतं, मूत्राशय ते साठवतं. पित्ताशय म्हणजे पित्ताची पिशवी. जठरामागं आडवं पडलेलं, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचं स्वादुपिंड ही ग्रंथी आहे, पिशवी नव्हे. दिवसाला साधारण दीड लिटर पाचकरस तयार होतो आणि नळीतून थेट लहान आतड्यात उतरतो. त्यातलं प्रथिनं फोडणारं ट्रिप्सिन निष्क्रिय रूपात निघतं आणि आतड्यात पोचल्यावरच कामाला लागतं. नाहीतर जिथं तयार झालं तिथलंच मांस खाईल!

नेमकं तेच कधीकधी होतं. पित्ताशयातला खडा घसरून पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांच्या सामाईक तोंडाशी अडकतो, किंवा दारू नडते, आणि रस आतल्या आत कामाला लागतात. पोटाच्या वरच्या भागात उठलेली कळ पाठीत जाते. हा स्वादुपिंडदाह. (इथं हिंदीतला 'अग्नी' शोभला असता, हे कबूल.)

पाहुणे लगेच 'स्वादुपिंड फेल गेलं' म्हणून फोन फिरवतात, ते घाईचं. सूज बहुतेकांची ओसरते. 'निकामी' म्हणावं ते दाह वर्षानुवर्षं चालून ग्रंथीचा बराच भाग मेल्यावर. मग चरबी फोडणारं लायपेज कमी पडतं, चरबी पचत नाही. शौचाला तेलकट, घाण वासाची, पाण्यावर तरंगणारी होते, वजन उतरतं, अ, ड, ई, के जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. पाचकद्रव्यांच्या कॅप्सूल येतात. त्या जेवतानाच घ्यायच्या, उपाशीपोटी नाही. इन्सुलिनही इथलंच, त्यामुळं मधुमेहही मागं लागू शकतो.

राहता राहिलं लिंग. 'त्याचा पिंडच पैलवानाचा' यात पिंड पुल्लिंगी, शंकराची पिंड स्त्रीलिंगी, आणि मूत्रपिंड, स्वादुपिंड नपुंसकलिंगी. म्हणून 'स्वादुपिंड सुजलं' लिहा, 'सुजला' नको.