नागपूरला आल्यावर लेकरू आईला सोडत नाही, तेव्हा

न्यू जर्सीत डे-केअरच्या दारातून हात हलवत आत जाणारं चार वर्षांचं लेकरू सोनेगावच्या विमानतळावर उतरलं की आईच्या कमरेला चिकटतं. वर्षभर वाट पाहणाऱ्या आजी-आबाजींकडे ढुंकूनही बघत नाही. मग घरातलं कोणीतरी म्हणतंच, "फार लाडावून ठेवलंय." आईला वाईट वाटतं आणि ती पोराला बळेबळे आजीच्या मांडीवर बसवते. बिघडायला सुरुवात इथूनच होते.

साधारण 8व्या महिन्यापासून मूल आई दिसेनाशी झाली की घाबरतं. दीड वर्षापर्यंत ही भीती जोरात असते आणि तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ओसरते. पण घर नवं, भाषा वेगळी, झोप उलटी झाली की मोठ्या मुलातही ती काही दिवस परतते. आईजवळ सुरक्षित वाटलं की मूल तिथून दूर जायचं धाडस करतं, हे जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या बालमनाच्या अभ्यासकांनी मांडलं. एन्सवर्थबाईंच्या निरीक्षणातला एक मुद्दा प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावा: आई गेल्यावर मूल किती रडलं, यापेक्षा ती परत आल्यावर ते किती लवकर शांत होऊन खेळायला लागलं, हे जास्त सांगून जातं.

पहिले चार-पाच दिवस कसलाही प्रयोग नको. उन्हाळ्यात न्यू जर्सी आणि नागपूर यांच्यात साडेनऊ तासांचा फरक असतो आणि शरीर दिवसाला जेमतेम तासभर जुळवून घेतं. रात्री दोनला भूक लागली तर दूध-पोळी द्या, दिवा मंद ठेवा, टीव्ही लावू नका.

त्यानंतर एकच काम आजीकडे सोपवा. अंघोळ किंवा वरण-भात भरवणं, आणि रोज तेच. आई त्याच खोलीत बसेल, पण हात लावणार नाही. दोन-तीन दिवसांनी आई शेजारच्या खोलीत, दहा मिनिटं. मग फाटकापर्यंत. मग अर्धा तास, आणि हे जमलं की दोन तास सीताबर्डीच्या बाजारात. वेळ सकाळची किंवा सहानंतरची निवडा. मे महिन्यात दुपारी पारा 45च्या आसपास असतो, तेव्हा घरातले मोठेही किरकिरतात.

निघताना सांगून निघा. लहान मुलाला "दोन तासांनी" समजत नाही. "तू जेवशील, मग आबाजींसोबत कूलरमध्ये पाणी भरशील, तेवढ्यात मी येते," हे समजतं. आणि पाणी भरून होईपर्यंत खरंच या. मागच्या दाराने गुपचूप निघून गेलं तर त्या दिवसाचं रडणं टळतं, पण आई कधीही गायब होऊ शकते हे मुलाला कळतं. मग ते आईला न्हाणीघरातही एकटं जाऊ देत नाही.

घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावं लागतं. "आई इथंच आहे" असं खोटं नको, बुवाची भीती नको. "आई पाहिजे ना? येते ती. तोवर पाइप धर बरं," एवढं पुरे. वीस मिनिटांनीही शांत झालं नाही तर फोन करून बोलवा आणि उद्या वेळ निम्मी करा. मिठी किंवा पापा मागून घेऊ नका. लांबून नमस्कार केला तरी चालतो.

आठ-दहा वर्षांच्या मुलांचं उलटं असतं. तिकडे त्यांना सगळीकडे गाडीतून न्यावं लागतं, इथे आतेभावासोबत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाता येतं. शंभराची नोट द्या, दही, सांभार (म्हणजे कोथिंबीर) आणि माचिस आणायला सांगा, मोठा रस्ता ओलांडायचा नाही हे बजावा. परत आलेले पैसे त्यालाच मोजू द्या. पुढच्या आठवड्यात मोठ्या भावंडासोबत मेट्रोचं तिकीट त्यालाच काढू द्या. हे सगळं एका गोष्टीने वाया जातं: त्याच्या मराठीला कोणी हसलं तर. पोरगं पुन्हा आईमागे लपतं आणि इंग्रजीतच बोलू लागतं. हसणाऱ्याला थांबवणं आईबापाचं काम आहे, मग ते मोठे बाबा का असेनात.

आता जरा अवघड बाब. परदेशातल्या तीन माणसांच्या घरात बरेचदा आईशी दिवसभर मराठी बोलणारं माणूस म्हणजे तिचं लेकरूच. व्हिसाची काळजी, नवऱ्याशी झालेला वाद, सासरचं उणंदुणं, सगळं त्याच्या कानावर पडतं. नऊ वर्षांची मुलगी मैत्रिणीकडे राहायला जात नाही, दर तासाला "आई, तू ठीक आहेस ना?" विचारते. वरून ती आईवर अवलंबून दिसते, पण खरं तर तिने आईला सांभाळायचं काम अंगावर घेतलेलं असतं. तिला धीट बनवण्याआधी ते ओझं काढा. बहिणीला किंवा मैत्रिणीला रोज ठरलेल्या वेळी फोन करा, मूल ऐकत नसताना. आणि मुलीला सरळ सांगा, "मला आज वाईट वाटलं होतं, मी मावशीशी बोलले. ते मोठ्यांचं काम आहे, तू जा खेळायला." एकदा सांगून भागत नाही, काही आठवडे सांगत राहावं लागतं.

तेरा-चौदाच्या मुलांसाठी थोडकंच: दार वाजवून आत जा, शाळेतून आल्या आल्या प्रश्न विचारू नका, आणि न विचारता व्हिडिओ कॉलसमोर उभं करू नका.

शाळेआधी रोज पोट दुखणं, एकटं झोपायला नकार, आईबाबांना काही होईल ही भीती, असं चार आठवड्यांहून जास्त चाललं तर तिथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

परत गेल्यावर आठवडाभर पोर पुन्हा चिकटेल, तुमच्या खोलीत झोपायला येईल. येऊ द्या. आजीचा फोन मात्र ठरलेल्या वेळी ठेवा. शनिवारी तिकडे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात नागपुरात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. दहा मिनिटं पुरतात. "कशी आहेस?" वर मुलं गप्प बसतात. त्यापेक्षा आजीने विचारावं, "तो हललेला दात पडला का गं? दाखव बरं."