वाचक विचारतात: ३१ डिसेंबर २०१५ नंतर आमच्या घरात टीव्ही दिसणार ना?

(हे सदर २०१५ च्या अखेरीचं आहे; तारखा, दर, कर आणि नियम तेव्हाचे.) मागच्या अंकात आम्ही चार ओळींची एक चौकट टाकली होती, की ३१ डिसेंबर २०१५ नंतर सगळ्या शहरी भागात केबलवर जुना अ‍ॅनालॉग सिग्नल बंद होणार आणि सेट टॉप बॉक्स नसेल तर पडद्यावर काही येणार नाही. चारच ओळी, पण त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यायचं ठरलं. बरेचसे प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी विचारलेत, त्यामुळे उत्तरं जरा सविस्तर देतेय, कंटाळू नका.

कोल्हापूरहून एक वाचक: केबल चांगली चाललीय की, मग हे बॉक्सचं मधेच कशाला काढलं?

मधेच नाही काढलेलं दादा. २०११ साली केबलच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि देशभर चार टप्प्यांत हे करायचं ठरलं. पहिल्यांदा मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, मग ३१ मार्च २०१३ ला पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर, औरंगाबाद अशी मोठी शहरं, आता उरलेली सगळी शहरं, आणि पुढच्या वर्षअखेरीला खेडी.

कारणं दोन आहेत. एक म्हणजे जागा. जुन्या पद्धतीत एक चॅनल वायरमधली जेवढी जागा खातं तेवढ्यात डिजिटलची आठ-दहा चॅनल आरामात बसतात. त्यामुळे आत्तापर्यंत केबलवाल्याला शंभराच्या आतबाहेर चॅनल दाखवता यायची, आणि त्यातलं कुठलं दाखवायचं, कुठलं खाली शेवटच्या मुंग्यांमधे, म्हणजे ठिपक्यांच्या खराब चित्रात टाकायचं हे तोच ठरवायचा.

दुसरं कारण म्हणजे मोजणी. जुन्या वायरीत कुणाकडे किती कनेक्शन आहेत हे कळायचा मार्गच नव्हता, गल्लीत पाचशे घरं असली तरी कागदावर शंभर दाखवता यायची, चॅनलवाल्यांचे पैसे बुडायचे आणि सरकारचा करमणूक करही बुडायचा. बॉक्स आला की प्रत्येक घराचा नंबर सिस्टीममधे दिसतो. मला हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तुम्ही दर महिन्याला टॅक्स म्हणून दिलेले पैसे खरंच पुढे जातात का हे त्यामुळे तपासता येतं.

साताऱ्याहून एक वाचक: दिवाळीत ४० इंची एलईडी घेतला, दुकानदार म्हणाला हा पूर्ण डिजिटल आहे. मग बॉक्स कशाला?

लागणार. टीव्ही डिजिटल असणं आणि केबल डिजिटल असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायरीतून येणारी चॅनल आता कुलूपबंद येणार आणि किल्ली बॉक्समधे, आणि ती किल्ली फक्त तुमच्या केबल कंपनीचीच चालते, त्यामुळे बाजारातून किंवा मेव्हण्याकडून दुसऱ्याच कंपनीचा बॉक्स आणून काही उपयोग नाही. इतका मोठा टीव्ही आहे तर एचडी बॉक्सचे वेगळे पैसे किती ते विचारून ठेवा, साध्या बॉक्सवर चित्र मोठ्या पडद्यावर जरा पसरट आणि धूसर वाटतं. एचडी घेतलात तर एचडीएमआयच्या वायरीने जोडून घ्या, पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडला तर एचडीचे पैसे वाया.

इचलकरंजीहून एक ताई: सासऱ्यांच्या खोलीत खूप जुना डब्बा टीव्ही आहे. केबलचा पोरगा म्हणतो हा आता भंगारात द्या, नवीन घ्या. सासरे ऐकत नाहीत, त्यांना तोच हवा. काय करू?

ताई, सासऱ्यांचंच बरोबर आहे. कुणालाही टीव्ही बदलायची गरज नाही, हे मोठ्या अक्षरात लिहून दाराला लावावं असं वाटतं, कारण नेमकं ह्याच भीतीने लोक हप्त्यावर टीव्ही घेऊन बसतात.

टीव्हीच्या मागे (काहींना पुढे, झाकणाच्या आत) पिवळं आणि पांढरं किंवा पिवळं-पांढरं-लाल अशी गोल भोकं आहेत का बघा. असतील तर बॉक्ससोबत येणारी वायर रंगाला रंग लावून जोडायची, लाल नसेल तर फक्त पिवळी-पांढरी लावायची, लाल तशीच सोडायची, आवाज येतो. मग टीव्हीच्या रिमोटवर एव्ही किंवा टीव्ही/एव्ही असं बटण असतं ते एकदा दाबायचं. मुद्दाम सांगते, कारण बॉक्स लावून झाल्यावर "काहीच दिसत नाही" असे जे फोन येतात त्यातले बरेचसे ह्या एका बटणाचे असतात.

ती भोकंच नसतील, फक्त अँटेनाची एकच जागा असेल, तरीसुद्धा टीव्ही चालतो. बॉक्सला आरएफ आउट (अँटेनाच्या जागेत वायर जोडायची सोय) आहे का ते आधी विचारा, नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आरएफ मॉड्युलेटर म्हणून छोटी डबी मिळते, ती बॉक्स आणि टीव्हीच्या मधे लावायची आणि टीव्हीवर एक नंबर एकदाच ट्यून करून ठेवायचा. चित्र थोडं मऊ दिसेल पण दिसेल.

खरा त्रास वायरीचा नाही, रिमोटचा आहे. आत्तापर्यंत त्यांच्याकडे एक रिमोट होता, आता दोन होणार, टीव्ही एकाने चालू करायचा आणि चॅनल दुसऱ्याने बदलायचं. माझ्या वडिलांना मुंबईत २०१२ ला बॉक्स आला तेव्हा त्यांनी सवयीने टीव्हीच्याच रिमोटने चॅनल बदललं, पडदा निळा झाला, आणि दोन दिवस ते कुणाला काही न बोलता टीव्ही न बघता बसून राहिले, आपल्या हातून काहीतरी बिघडलं असं वाटून. मला तिसऱ्या दिवशी कळलं, अजून आठवलं की वाईट वाटतं. म्हणून सांगते, टीव्हीच्या रिमोटला चालू-बंदचं बटण सोडून बाकीच्यावर चिकटपट्टी लावा, आवाज बॉक्सच्या रिमोटने कमी-जास्त करायला शिकवा, त्यांची आवडती चार-पाच चॅनल आहेत त्यांचे नवीन नंबर जाड पेनाने कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवा, आणि पहिल्या दिवशी अर्धा तास शेजारी बसा.

चिपळूणहून एक काकू: आमच्याकडे केबलच नाही, छपरावर अँटेना आहे, त्यावर सह्याद्री बघते. माझा टीव्ही बंद पडणार का?

नाही काकू, निवांत रहा. हा कायदा केबलचा आहे, अँटेनाचा नाही. दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून आत्ता २०१५ मधे तुमच्याकडे जे येतंय त्याला ३१ डिसेंबरचा काही संबंध नाही. कुणी दारात येऊन "अँटेना बंद होणार, आत्ताच बॉक्स घ्या" म्हणालं तर त्याला परत पाठवा.

जास्त चॅनल हवी असतील आणि दर महिन्याचा खर्च नको असेल तर दूरदर्शनची स्वतःची फ्री डिश आहे, २००४ पासून चालू आहे, तेव्हा तिला डीडी डायरेक्ट प्लस म्हणायचे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याला एक रुपया नाही, सह्याद्री त्यावर आहेच. फक्त कोकणातला पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा, जोराची सर आली की छत्रीवरचं चित्र काही वेळ जातं, खाजगी डिशचंही जातं, कारण त्या लहरी पाण्याने अडतात.

लातूरहून एक वाचक: केबलवाला बॉक्सचे १५०० रोख मागतोय, पावती देत नाही, म्हणतो सगळ्या कॉलनीने दिलेत. वर महिना २५० सांगितलेत, कशाचे ते सांगत नाही. देऊ का?

पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. कॉलनीने दिलेत म्हणून आपणही द्यायचे हे तर अजिबात नको, उलट तुम्ही पहिले मागा, मग बाकीचेही मागतील.

आता नीट सांगते. बॉक्स विकतच घ्यावा असं बंधन नाही. ट्राय ही केबल-फोनवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या नियमाप्रमाणे विकत आणि भाड्याने असे दोन्ही पर्याय कंपनीने ग्राहकासमोर ठेवायला हवेत. विकत घेतला तर पावतीवर बॉक्सचा नंबर, किंमत, वॉरंटी लिहून घ्या. भाड्याने घेतला तर डिपॉझिट किती, परत किती मिळणार, महिन्याचं भाडं किती हे लिहून घ्या. तुम्ही भाड्याची जागा बदलणार असाल, मुलाच्या शिक्षणासाठी दोन वर्षं लातुरात आलेली पुष्कळ कुटुंबं आहेत त्यांच्यासाठी तर भाड्याचाच बॉक्स बरा.

दुसरं, एक फॉर्म असतो, ग्राहक अर्ज म्हणतात, त्यात तुमचं नाव, पत्ता, बॉक्सचा नंबर आणि तुम्हाला कुठली चॅनल हवीत ते भरायचं असतं. हा फॉर्म तुम्ही स्वतः भरायचा आणि त्याची प्रत ठेवायची. बऱ्याच ठिकाणी केबलवाला कोऱ्या फॉर्मवर सही घेतो आणि सगळ्यांना सगळ्यात महागडं पॅक टाकतो, आणि मग वर्षभर आपण न बघितलेल्या चॅनलचे पैसे भरत बसतो.

तिसरं, २५० कशाचे. २०१५ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी १०० फ्री चॅनलचं एक साधं पॅक प्रत्येक कंपनीला ठेवावंच लागायचं आणि त्याचे जास्तीत जास्त १०० रुपये घेता यायचे, अधिक टॅक्स. तेव्हा सर्व्हिस टॅक्स १४ टक्के होता आणि १५ नोव्हेंबर २०१५ पासून स्वच्छ भारत उपकराचा अर्धा टक्का, म्हणजे साडेचौदा रुपये. महापालिका हद्दीत करमणूक कर ४५ रुपये होता, नगरपालिकेत तो कमी होता. लातूरला महापालिका आहे, म्हणजे साध्या पॅकचे १५९ रुपये ५० पैसे झाले. त्यात सह्याद्री आणि दूरदर्शनची बाकीची चॅनल येतात, पण रोजच्या मालिकांची मोठी मराठी चॅनल पे, म्हणजे पैसे भरून बघायची आहेत, त्यांचे वेगळे पैसे पडतात. तर १६० च्या वरचे ९० रुपये नक्की कुठल्या चॅनलचे हे त्याला कागदावर लिहून द्यायला सांगा. कदाचित ते बरोबरही असतील, पण आपल्याला कळलं पाहिजे ना.

दिलंच नाही तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा आणि तक्रार नंबर घ्या. कंपनी म्हणजे गल्लीतला केबलवाला नाही, त्याला सिग्नल देणारी वरची कंपनी, तिचं नाव बॉक्सवर असतं. तरी हललं नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, एकट्याने देण्यापेक्षा दहा घरांनी मिळून द्या.

न्यू जर्सीहून एक वाचक: आई-बाबा सांगलीत असतात. इथे अमेरिकेत अ‍ॅनालॉग बंद झालं तेव्हा सरकारने कुपनं दिली होती, तिकडे तसं काही आहे का?

हो, तिकडे १२ जून २००९ ला बंद झालं आणि त्याआधी घरटी ४० डॉलरची दोन कुपनं मिळत होती कन्व्हर्टर बॉक्ससाठी. पण तिकडे जे बंद झालं ते हवेतून अँटेनावर येणारं प्रसारण होतं, जे फुकट दिसायचं आणि सरकारने बंद केलं म्हणून सरकारने मदत केली. आपल्याकडे बंद होतंय ते पैसे भरून घेतलेल्या केबलचं, त्यामुळे तसं कुपन नाही, बॉक्सचा खर्च ग्राहकावरच आहे. माझं स्पष्ट मत आहे की पिवळ्या रेशनकार्डवाल्यांना तरी बॉक्सला काही सूट मिळायला हवी होती. तुम्ही पैसे पाठवालच, पण शक्य असेल तर तिकडच्या एखाद्या भाच्याला किंवा शेजारच्या मुलाला बॉक्स लावायच्या दिवशी घरी थांबायला सांगा.

कऱ्हाडजवळच्या गावातून एक वाचक: आम्ही ग्रामपंचायतीत येतो, पण केबल कऱ्हाडवरून येते. आमचं कधी?

कायद्याने तुमची तारीख ३१ डिसेंबर २०१६ आहे, ग्रामीण भाग चौथ्या टप्प्यात. पण वायर कऱ्हाडच्याच कंट्रोल रूममधून येत असेल तर केबलवाला दोन्हीकडे एकदमच बदलायची शक्यता आहे, म्हणून त्याला आत्ताच विचारा.

पंढरपूरहून एक वाचक: घरात दोन टीव्ही, एकाच वायरीला जोड देऊन चालवतो. बॉक्स एक की दोन?

दोन. एका बॉक्समधून वायर फोडून दोन्हीकडे नेली तर दोन्हीकडे एकच चॅनल दिसतं, आईची मालिका लागली की मुलांनाही तीच. दुसऱ्या बॉक्सला महिन्याचे पैसे वेगळे पडतात, काही कंपन्या कमी घेतात, विचारून घ्या, आणि दुसऱ्यावर साधंच पॅक टाका.

नाशिकहून एक वाचक: आमच्याकडे बॉक्स येऊन अडीच वर्षं झाली. पण चित्र मधेच फुटतं, चौकोन-चौकोन होतात, आवाज कट होतो. केबलवाला म्हणतो बॉक्स खराब, नवीन घ्या.

बॉक्स बदलायच्या आधी वायर बघा. जुन्या सिग्नलला कमजोरी आली की मुंग्या यायच्या पण मालिका समजायची, डिजिटलला मधलं काही नाही, एका मर्यादेपर्यंत चित्र स्वच्छ आणि तिच्या खाली गेलं की सगळंच फुटतं. जिन्यातून येणारी वायर कुठे नुसती पिळून टेप मारलेली असेल, टोकाची पिन गंजली असेल, किंवा वाटेत कुणी दोन-तीन स्प्लिटर (एक वायर अनेकांकडे फोडणाऱ्या डब्या) घातले असतील तर हेच होतं. पिना नवीन बसवायला सांगा, मधले नको ते जोड काढायला सांगा, आणि मग तुमच्या वायरीतला सिग्नल केबलवाल्याला त्याच्याच मीटरवर तुमच्यासमोर मोजायला सांगा. मीटर सिग्नल पूर्ण दाखवतोय आणि तरीही चित्र फुटतंय तरच बॉक्स खराब, आणि तेव्हाही पैसे काढायच्या आधी २०१३ ची ती पावती शोधा, त्यावर वॉरंटी किती लिहिलीय ते बघा.